मोठ्या राउटरच्या पोटात काय असतं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. सेवा पुरवठादारांकडे असतो तसला कपाटाएवढा राउटर आतून कसा असतो? एखाद्या तगड्या सर्व्हरमध्ये आठ-दहा नेटवर्क कार्डं खोचली तर तेच काम होणार नाही का? आणि प्रयोगशाळेत मोडीत निघालेलं एक लाइन कार्ड, म्हणजे बाहेरच्या तारा ज्यात खोचतात तो राउटरचा काढता-घालता येणारा बोर्ड, हाती लागलंय, ते उघडून काय बघावं? मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर पटलं की बाकीच्या भागांची गरज सांगावी लागत नाही.

तर, होईल. काही मर्यादेपर्यंत नक्की होईल. राउटरचा पूर्वज असाच होता. १९६९ मध्ये अर्पानेटसाठी, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यासाठी, बसवलेला आयएमपी म्हणजे हनीवेलचा ५१६ हा मिनीकॉम्प्युटर, आत १२ के शब्दांची कोअर मेमरी आणि बाहेर मोडेमकडे जाणाऱ्या तारा. पॅकेट, म्हणजे डेटाचा पत्ता लावलेला तुकडा, आलं की मेमरीत ठेवायचं, प्रोसेसरने पत्ता वाचायचा, योग्य त्या तारेवर सोडून द्यायचं. आजही नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर एका सर्व्हरमधून शंभर-दोनशे गिगाबिट ओढतं, आणि लहान ठिकाणी मी स्वतः तेच सुचवतो.

गाडी अडते ती वेळेच्या हिशोबात. इथरनेटची सगळ्यात छोटी फ्रेम, म्हणजे पॅकेट गुंडाळलेलं पाकीट, ६४ बाइटची. तिच्या पुढचा प्रीअँबल, म्हणजे ‘येतेय’ असं सांगणारे बिट, आणि मागचं मोकळं अंतर धरलं की तारेवर ती ८४ बाइटची, म्हणजे ६७२ बिटची जागा घेते. १०० गिगाबिटच्या पोर्टवर अशा फ्रेम एकामागोमाग एक आल्या, तर दर ६.७२ नॅनोसेकंदाला एक नवं पॅकेट दारात उभं. ४०० गिगाबिटला १.६८ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम अर्धा मीटर जातो. आणि तुमच्या सर्व्हरमधल्या डीरॅमला, म्हणजे मुख्य मेमरीला, मनात येईल त्या पत्त्यावरची नोंद वाचायला लागतात साधारण चाळीस-पन्नास नॅनोसेकंद. म्हणजे पत्ता शोधायला एकदा जरी मेमरीत जाऊन आलात तरी तोवर पंचवीसेक पॅकेटं तुंबली. हे झालं एका पोर्टचं. आजच्या एका लाइन कार्डावर असे ३६ पोर्ट असतात, १४.४ टेराबिट, आणि चॅसिसमध्ये, म्हणजे राउटरच्या सांगाड्यात, अशी आठ-सोळा कार्डं.

त्यामुळे मोठ्या राउटरमध्ये खरा पैसा, खरी वीज आणि खरी डोकेफोड जाते ती मेमरीवर आणि कार्डांमधल्या तारांवर. प्रोसेसर त्यात असतो, पण तो वाटेत नसतो. राउटर निवडताना कोणी मला सीपीयूचे कोअर किती ते सांगू लागलं, की समोरच्याने आजवर सर्व्हरच घेतलेत हे कळतं.

प्रोसेसर वाटेत नसतो म्हणजे काय? चॅसिसमध्ये एक नाही, दोन यंत्रं नांदत असतात. पहिलं यंत्र म्हणजे राउट प्रोसेसर: एक साधा एक्स८६ संगणक, पुरेशी रॅम, एसएसडी, पुढे कन्सोलचं भोक. असे दोन असतात, एक कामावर आणि एक राखीव. बीजीपी आणि ओएसपीएफ या, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायच्या, भाषांतली बोलणी हा करतो, शेजाऱ्यांकडून आलेले सगळे मार्ग ऐकतो, त्यातले उत्तम निवडतो आणि निवडीचा तक्ता तयार करून प्रत्येक लाइन कार्डाकडे उतरवतो. ही उतरवाउतरव होते आतल्याच एका छोट्या इथरनेट स्विचवरून, ज्याच्याशी ग्राहकांच्या रहदारीचा काही संबंध नसतो. दुसरं यंत्र म्हणजे लाइन कार्डावरच्या चिपा आणि त्यांना जोडणारं फॅब्रिक. त्यांना बीजीपी कळत नाही. हातात आलेला तक्ता बघून पॅकेट पुढे ढकलायचं एवढंच त्यांना येतं, पण ते कल्पनेबाहेरच्या वेगाने येतं. १९९८ मध्ये आलेल्या जुनिपरच्या एम४० मध्ये ही वाटणी अगदी चोख केलेली होती, आणि आज कोणाचाही मोठा राउटर उघडलात तरी तीच दिसते.

या वाटणीचा एक व्यावहारिक परिणाम सांगून ठेवतो, कारण आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी त्यावरून भांडायला येतं. ट्रेसराउटमध्ये, म्हणजे वाटेतला प्रत्येक राउटर किती वेळात उत्तर देतो ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये, मधल्याच एका हॉपवर (राउटरवर) ८० मिलिसेकंद दिसतात आणि पुढच्या हॉपवर पुन्हा १२. मग तक्रार: तुमचा तो राउटर गुदमरलाय. गुदमरलेला वगैरे नसतो. ट्रेसराउट मुद्दाम अशी पॅकेटं पाठवतो की त्यांचा टीटीएल, म्हणजे दर राउटरला एकने कमी होणारा आकडा, वाटेतच संपेल. असं पॅकेट वेगवान वाटेवरून बाजूला काढून प्रोसेसरकडे द्यावं लागतं, आणि प्रोसेसरला अशा फालतू कामासाठी मुद्दाम रेशन लावलेलं असतं, नाहीतर कोणीही कचरा पाठवून त्याला लोळवेल. त्याने सवडीने उत्तर दिलं, एवढाच त्या ८० चा अर्थ. पुढचा हॉप १२ म्हणतोय म्हणजे त्याच राउटरमधून तुमचं पॅकेट विनाअडथळा पार गेलं.

आता एका पॅकेटाच्या मागे मागे आत जाऊ. फायबर येतो तो ट्रान्सीव्हरमध्ये, म्हणजे पोर्टात खोचलेल्या बोटाएवढ्या धातूच्या डबीत. आत लेसर, फोटोडायोड आणि बऱ्यापैकी हुशार डीएसपी, म्हणजे सिग्नल साफ करणारी चिप. ही डबी दिसते किरकोळ, पण ४०० गिगाबिटची साधी डबी दहा-बारा वॉट खाते, लांब पल्ल्याची कोहिरंट असेल तर वीसेक. ३६ डब्या गुणिले वीस म्हणजे सातशेच्या वर वॉट नुसत्या कार्डाच्या तोंडाशी, आणि थंड हवाही नेमकी तिथूनच आत घ्यायची असते.

डबीतून विजेचे सिग्नल जातात कार्डावरच्या मुख्य चिपकडे. कोणी तिला एनपीयू म्हणतं, कोणी फॉरवर्डिंग एसिक. पॅकेटाचं हेडर (पत्त्याचा भाग) वेगळं काढणं, पत्ता शोधणं, फिल्टर लावणं, टीटीएल एकने कमी करणं, रांगेत उभं करणं हे सगळं तिथे कारखान्याच्या पट्ट्यासारखं चालतं. एका पॅकेटाला आत मायक्रोसेकंद लागला तरी चालतं; पट्ट्यावर एका वेळी शेकडो पॅकेटं वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात.

पत्ता शोधणं हे त्यातलं अवघड काम, कारण नेमकी जुळणारी नोंद शोधायची नसून जुळणाऱ्यांतला सगळ्यात लांब प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, शोधायचा असतो. त्यासाठी टीकॅम नावाची अफलातून मेमरी आहे. साध्या मेमरीला पत्ता दिला की ती मजकूर देते. टीकॅमला मजकूर दिला की तो कुठे आहे ते सांगते, आणि सगळ्या ओळी एकाच फटक्यात तपासून सांगते. तिच्या प्रत्येक बिटाला तीन अवस्था: शून्य, एक आणि ‘काहीही चालेल’. किंमत मोजावी लागते ती विजेत आणि जागेत, कारण दर शोधाला सगळ्या ओळी जाग्या होतात. म्हणून टीकॅम कायम तोकडी. तिचं तोकडेपण जगाला १२ ऑगस्ट २०१४ ला कळलं. त्या दिवशी इंटरनेटचा आयपीव्ही४ तक्ता काही ठिकाणी ५१२ के, म्हणजे ५,२४,२८८ मार्गांच्या पुढे सरकला, आणि त्या काळी सर्रास वापरात असलेल्या काही राउटरांत टीकॅमची मूळ वाटणी नेमकी तेवढ्याच मार्गांची होती. जादा मार्गांना चिपमध्ये जागा उरली नाही, त्यांची पॅकेटं प्रोसेसरच्या गळ्यात पडली, आणि ठिकठिकाणी नेटवर्कं लंगडायला लागली. खूप जणांना नवं हार्डवेअर नको होतं, वाटणी बदलून रीबूट करायचं होतं. पण ते आधी माहीत असायला हवं होतं. आज तो तक्ता दहा लाखांच्या आसपास आहे, आयपीव्ही६ चे दोन लाखांहून जास्त मार्ग वेगळेच. आता बऱ्याच चिपा मार्ग शोधायला एसरॅम या वेगवान मेमरीतल्या झाडासारख्या रचना आणि हॅश वापरतात आणि टीकॅम फिल्टरांसाठी राखतात. तरी राउटर घेताना ‘एफआयबी किती’, म्हणजे चिपमध्ये किती मार्ग मावतात, हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो.

शोध झाला, पॅकेट कुठल्या कार्डाच्या कुठल्या पोर्टाने बाहेर जायचं ते ठरलं. ते पोर्ट मोकळं नसेल तर थांबायचं कुठे? बफरमध्ये. जुना नियम असा की लिंकच्या वेगाला पॅकेटाच्या येण्याजाण्याच्या वेळेने गुणायचं. १०० गिगाबिट आणि पाव सेकंद धरला तर तीन जीबीच्या वर, तेही एका पोर्टाला. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की एका लिंकवर हजारो स्वतंत्र टीसीपी प्रवाह, म्हणजे पॅकेट हरवलं की आपला वेग उतरवणारी देवाणघेवाण, असले की यातला फार थोडा भाग पुरतो, आणि तेव्हापासून बफर किती हवा यावरचे वाद काही थांबलेले नाहीत. माझं मत विचाराल तर डेटा सेंटरच्या आत उथळ बफर चालतो, पण लांबच्या लिंकवर किंवा जिथे ४०० चा लोंढा १०० च्या तोटीत उतरतो तिथे खोल बफर हवाच. दोन्हींतलं अंतर बघा: १२.८ टेराबिटच्या चिपच्या पोटात ६४ एमबी एसरॅम असेल, तर पूर्ण वेगाने भरायला तिला जेमतेम ४० मायक्रोसेकंद लागतात. म्हणून खोल बफरच्या चिपांना एचबीएम, म्हणजे चिपला अगदी खेटून, एकाच पॅकेजमध्ये रचलेली डीरॅमची चळत देतात. ती सावकाश आहेच, पण एका वेळी शेकडो तारांवरून वाचता येते. एक गाडी हळू जात असेल तर रस्ता रुंद करायचा, असा तो मामला.

इथून पॅकेट फॅब्रिकमध्ये शिरतं, आणि माझ्या मते हा राउटरचा सगळ्यात सुंदर भाग. फॅब्रिक म्हणजे कुठल्याही कार्डावरून कुठल्याही कार्डाकडे नेणारा आतला चौक. सरळ रांग लावून चौक चालवला तर काय होतं, ते १९८७ च्या एका गाजलेल्या गणिताने दाखवलं: रांगेतल्या पहिल्याला जायचं पोर्ट भरलेलं असलं की मागचे मोकळ्या पोर्टाचे लोकही अडकतात, आणि पोर्टांची संख्या मोठी असेल तर चौकाची क्षमता ५८.६ टक्क्यांवर येऊन थांबते. उपाय असा की येणाऱ्या प्रत्येक कार्डाने जाणाऱ्या प्रत्येक पोर्टासाठी वेगळी रांग ठेवायची. तिला व्हीओक्यू म्हणतात. पलीकडच्या पोर्टाने ‘ये’ म्हटल्याशिवाय इकडून काही सुटत नाही. आणि सुटतं ते अख्खं पॅकेट नसतं. त्याचे छोटे तुकडे, म्हणजे सेल, करून ते सगळ्या फॅब्रिक कार्डांवर उधळतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात. फार मोठ्या राउटरांत हे चौकही टप्प्याटप्प्यांनी जोडलेले असतात. ती मांडणी बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडली होती.

तुकड्यांची ही गोष्ट मला एका रात्रीने चांगली शिकवली. तक्रार अशी की एका ग्राहकाचे बॅकअप संपता संपत नाहीत, मोठ्या फाइली रखडतात, पण पिंग, म्हणजे पोचतंय का ते तपासणारी छोटी पॅकेटं, स्वच्छ. शंभर पिंग टाकले, शंभर परत आले. पोर्टांचे काउंटर बघितले, एकही एरर नाही. सवयीप्रमाणे आधी फायबर पुसला, डबी बदलली, मग ग्राहकाच्या सर्व्हरवर संशय घेतला. शेवटी सहकाऱ्याच्या लक्षात आलं की त्रास होतो तो पाचव्या स्लॉटमधून बाहेर पडणाऱ्या रहदारीलाच, ती आत कुठूनही आलेली असो. मग आतले, म्हणजे फॅब्रिकच्या लिंकचे काउंटर काढले. सहा फॅब्रिक कार्डांपैकी चौथ्याची पाचव्या स्लॉटकडे जाणारी लिंक शंभरातला एखादा सेल बिघडवत होती. लिंक आपोआप बंद पडावी एवढ्या एरर नव्हत्या. आता गंमत बघा. पिंगचं पॅकेट एका सेलमध्ये मावतं. ते सहातून एकदाच चौथ्या कार्डावरून जाणार आणि गेलं तरी शंभरातून एकदा मरणार, म्हणजे सहाशे पिंगांमागे एक. दीड हजार बाइटच्या पॅकेटाचे मात्र सहा तुकडे, त्यातला एक हमखास चौथ्या कार्डावरून, आणि एक तुकडा गेला की पॅकेट गेलं. शंभरात एक पॅकेट मरणं लांबच्या टीसीपीला खाली बसवायला पुरेसं आहे. चौथं कार्ड कमांडने बंद केलं, दोन मिनिटांत बॅकअप धावायला लागले. कार्ड बाहेर काढून टॉर्चने पिना बघितल्या, धडधाकट होत्या. मागच्या देखभालीत कोणीतरी लीव्हर दाबला होता पण स्क्रू पूर्ण आवळला नव्हता. कार्ड केसभर बाहेर राहिलं होतं. तेव्हापासून कुठलंही कार्ड बसवलं की मी हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही, फॅब्रिकचे काउंटर पुसून अर्ध्या तासाने पुन्हा बघतो.

केसभर अंतराने एवढं बिघडतं, कारण त्या पिनांमधून जाणारा वेग अचाट असतो. आज तारांच्या एका जोडीवरून ११२ गिगाबिट जातात. एवढ्या वेगाला सर्किट बोर्डाचं तांबंच सिग्नल पिऊन टाकतं. काही वितींच्या पुढे गेलं की पलीकडे काय आलं ते ओळखायलाच स्वतंत्र सर्किट लागतं. पूर्वी चॅसिसच्या मध्ये मिडप्लेन नावाचा एक जाडजूड उभा बोर्ड असे. पुढून लाइन कार्डं, मागून फॅब्रिक कार्डं त्यात खोचायची. त्याची एक पिन वाकली की अख्खं चॅसिस रिकामं करून बोर्ड बदलायचा. तो दिवस ज्याने काढलाय तो कार्ड सरकवताना आयुष्यभर श्वास रोखून धरतो. शिवाय तो बोर्ड म्हणजे हवेच्या वाटेतली भिंत. नव्या बऱ्याच चॅसिसमध्ये तो काढूनच टाकलाय: लाइन कार्डं आडवी, फॅब्रिक कार्डं उभी, आणि दोन्हींचे कनेक्टर थेट एकमेकांत. तारही आखूड, हवाही मोकळी.

चालू राउटरमधून कार्ड ओढता येतं त्यामागेही पिनांचीच युक्ती आहे. त्या सगळ्या सारख्या लांबीच्या नसतात. जमिनीच्या म्हणजे ग्राउंडच्या पिना सगळ्यात लांब, त्या आधी टेकतात. कार्ड पुरतं बसलंय हे सांगणाऱ्या पिना सगळ्यात आखूड. त्या टेकल्या की मगच हॉट-स्वॅप कंट्रोलर वीज हळूहळू आत सोडतो, नाहीतर रिकामे कपॅसिटर एकदम भरताना शेजारच्या कार्डांचा व्होल्टेज पाडतील.

विजेबद्दल थोडक्यात. टेलिकॉमच्या जागी उणे ४८ व्होल्ट डीसी, डेटा सेंटरमध्ये बहुधा २०० च्या वरचा एसी. चिपला मात्र एक व्होल्टच्याही खाली लागतो. ४०० वॉटची चिप ०.८ व्होल्टवर चालवायची म्हणजे ५०० अँपिअर, साध्या वेल्डिंग मशीनपेक्षा जास्त प्रवाह, तळहाताएवढ्या जागेत. चिपभोवती एकसारख्या काळ्या चौकोनी इंडक्टरांच्या रांगा दिसतात त्या याचसाठी. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पंख्यांच्या पदरी पडते. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; वेग २० टक्क्यांनी उतरवला की खर्च जवळजवळ अर्धा. म्हणून पंख्यांचा आवाज अचानक चढला तर आधी रिकाम्या स्लॉटांवरच्या पत्र्याच्या झाकण्या बघा. ‘आत काही नाही तर झाकण कशाला’ म्हणून कोणीतरी त्या काढून ठेवतं, हवा सोप्या वाटेने भोकातून पळते आणि शेजारचं कार्ड भाजतं.

लॉगमध्ये कधी पॅरिटी एरर दिसली तर घाबरू नका. आकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांच्या मागोमाग जे न्यूट्रॉन येतात ते मेमरीतला एखादा बिट उलटवतात. इतक्या एसरॅममध्ये ते कधी ना कधी होणारच. ईसीसीने, म्हणजे चूक सुधारणाऱ्या जादा बिटांनी, बहुतेक वेळा ते जागीच दुरुस्त होतं. एकदा झालं तर तारीख लिहून ठेवा. त्याच कार्डाच्या त्याच पत्त्यावर पुन्हा झालं तर कार्ड बदला, आकाशाला दोष देऊ नका.

आता तुमचं मोडीतलं कार्ड. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधायची सवय आतापासूनच लावा, मेलेल्या कार्डावरसुद्धा. मधल्या सगळ्यात मोठ्या हीटसिंकचे, म्हणजे चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे, स्प्रिंगवाले स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे सैल करा; एका बाजूने उपटलात तर चिपचा कोपरा तुटतो. खाली एनपीयू. तिच्या दोन्ही अंगांना लहान काळ्या चिपांच्या रांगा असतील तर तो बाहेरचा बफर. स्वतंत्र हीटसिंकखाली एखादी चौकोनी चिप असेल तर तिचा नंबर शोधा, टीकॅम निघण्याची शक्यता बरीच. एका कोपऱ्यात रॅमच्या पट्टीसकट एक छोटा संगणक दिसेल, तो कार्डाचा स्वतःचा सीपीयू. मग बोर्ड उजेडात तिरका धरा. एनपीयूपासून मागच्या कनेक्टरकडे जाणाऱ्या रेघा जोडीजोडीने जातात, आणि मध्येच कारण नसताना नागमोडी वळणं घेतात. जोडीतली एक तार दुसरीहून आखूड पडू नये म्हणून तिला मुद्दाम फिरवून आणलेलं असतं. शेवटी मागचा कनेक्टर भिंगाखाली घ्या आणि खाचांच्या रांगा मोजा. त्यातल्या किती फॅब्रिककडे जातात आणि किती विजेच्या, हे ओळखायचा प्रयत्न करा. विजेच्या जाड, थोड्या, एका टोकाला. त्यांना बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा सोन्याच्या मुलाम्यावर राहतो.